मिस्त्री कोणाला म्हणायचं?

असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम सुरू केलं, तेव्हा आमच्या गटाने कुर्ल्याच्या वस्तीतल्या बायकांची नावं नोंदवण्याचं काम अंगावर घेतलं होतं. रांगेत एक बाई होती. वय बेचाळीस. संगणकावर बसलेल्या मुलाने विचारलं, "व्यवसाय?" ती म्हणाली, "डेंटर." मुलाने मान वर केली. "नवऱ्याचा नाही मावशी, तुमचा." ती म्हणाली, "माझाच. गाडीचे पोचे काढते, पुट्टी भरते, घासते, अस्तर मारते." मुलगा हसला. रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. आणि खरं सांगायचं तर मीही हसले. मुलाने 'मदतनीस' असं काहीतरी टाकलं आणि पुढचं नाव पुकारलं.

त्या हसण्याची मला आज लाज वाटते. वीस वर्षं चळवळीत काढलेल्या बाईला 'डेंटर' हा शब्द दुसऱ्या बाईच्या तोंडी ऐकून हसू येत असेल, तर पुरुषप्रधान व्यवस्था फक्त बाहेर नाही, आपल्या हसण्यातही आहे. म्हणून हा लेख. आणि तो गाडीच्या पत्र्याविषयी आहे, हे आधीच सांगून ठेवते. 'हा आपला विषय नव्हे' असं म्हणून कृपा करून पान उलटू नका.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बाईकडे कसब नाही म्हणून तिला कमी मजुरी मिळते, हे खोटं आहे. तिला कमी मजुरी द्यायची असते, म्हणून तिच्या हातातल्या कसबाला कसब म्हणायचं नाही असं ठरलेलं आहे. आणि हे ठरवण्यात आपल्या संस्थांनीही हातभार लावला आहे.

डबा घेऊन गेली आणि घासायला बसली

ही बाई कोण? तिचा नवरा डेंटर होता. सीएसटी रोडच्या मागच्या एका गल्लीत काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांचं काम करायचा. टॅक्सी म्हणजे तेव्हा फियाटच, कुर्ल्याच्याच कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी. पावसाळा चार महिन्यांचा, हवा समुद्राची, त्यामुळे पत्रा सडत राहायचा आणि काम मिळत राहायचं. लग्नानंतर ही त्याचा डबा घेऊन जायची. डबा देता देता घासायला बसली. घासता घासता पुट्टी भरायला लागली. नवऱ्याची कंबर धरली की पत्र्यामागे ठोकळा धरायला लागली, आणि मग एक दिवस हातोडीही तिच्या हातात आली.

नवरा होता तोवर तिच्या कामाचे वेगळे पैसे कधी मिळालेच नाहीत. काम दोघांचं, पैसे नवऱ्याच्या हातात. आपल्या शेतकरी बायांचं तरी दुसरं काय असतं? २०१४ साली नवरा वारला. गॅरेजमालकाने 'उपकार' म्हणून तिला ठेवून घेतलं, घासणारी बाई म्हणून, मदतनिसाच्या रोजीवर. कालपर्यंत सगळी पोरं तिला 'भाभी' म्हणायची. नवरा गेल्यावर पस्तिसाव्या वर्षी ती 'मावशी' झाली. 'मिस्त्री' मात्र कधीच झाली नाही. तिच्याकडून काम शिकलेला एक पोरगा चार वर्षांत मिस्त्री झाला आणि तिच्यावर हुकूम सोडायला लागला.

दरम्यान टॅक्सीचा धंदा उतरला. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या तोंडाशी थांबलं होतं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मधली. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. पण टॅक्सी गेली आणि तीच गाडी 'क्लासिक' झाली! ज्या फियाटला लोक डबा म्हणत होते, ती आता हौशी लोक हुडकून काढतात, नवी करतात आणि हिवाळ्यात सजवून मिरवतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अशा गाड्यांसाठी नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी असेल, मूळ सांगाड्यात मोठा फेरबदल झालेला नसेल, तर तिची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरं.

बघा बरं. गाडीने पन्नाशी ओलांडली की तिला सरकारदरबारी नवी ओळख मिळते. आणि तिचा पत्रा सांभाळणारी बाई पन्नाशीकडे निघालेली, तिची ओळख 'मदतनीस'.

हे काम काय असतं

आता थोडं तपशिलात सांगते, कारण तपशील माहीत नसला की कोणीही येऊन 'हे बायकांचं काम नव्हे' असं सांगतो आणि आपण मान डोलावतो.

जुन्या गाडीचा रंग चांगला दिसतो तो रंगाखाली जे केलेलं असतं त्यामुळे. रंगाचा थर कागदाएवढा. खालची लाट तो लपवत नाही, उलट चकाकून दाखवतो. म्हणून पहिलं काम जुना रंग आणि जुनी भरणी काढून उघड्या पत्र्यापर्यंत जायचं. भरणी कुठे आहे हे कसं ओळखायचं? फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे वरवर पुट्टीच आहे. हातोडीच्या दांड्याने टकटक करायची. मडकं घेताना आपण वाजवून घेतो ना, तसंच. खणखणीत वाजलं तर पत्रा, भद्द वाजलं तर भरणी.

गंज लागलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून टाकायचा. त्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ कापायचं, त्याला तोच बाक द्यायचा आणि झाळायचं. सलग झाळत गेलं तर हा पातळ पत्रा उष्णतेने वाकडातिकडा होतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, निवू द्यायचं, मग मधे. कापडाला ठिगळ लावताना आपण आधी चारी कोपरे टाचून घेतो, तीच अक्कल.

पोचा मधोमध ठोकून निघत नाही. जो भाग शेवटी दबला तो आधी उठवायचा, कडेकडेने आत यायचं. पत्र्यामागे एका हातात लोखंडी ठोकळा, त्याला डॉली म्हणतात, आणि समोरून दुसऱ्या हाताने हातोडी. थेट ठोकळ्यावर ठोकलं तर पत्रा सपाट होतो पण ताणलाही जातो. म्हणून बहुतेकदा ठोकळा खोलगट जागेमागे आणि हातोडी शेजारच्या उंचवट्यावर. पत्रा फार ताणला तर डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर उडायला लागतो. मग तेवढाच ठिपका गॅसने लाल करायचा आणि ओल्या फडक्याने आवळायचा.

हे बरोबर झालं की नाही ते उघड्या पत्र्यावर डोळ्यांना धड दिसत नाही. ते तळहाताला कळतं. फडकं पसरून त्यावरून सबंध तळवा लांबवर फिरवायचा, बोटं सैल सोडून. मग कानस हलकेच ओढायची. उंच जागा चमकते, खोल जागा काळी राहते. एवढं झाल्यावर पुट्टी. पुट्टी म्हणजे राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी. तिच्यात साधारण दोन टक्के हार्डनर. जास्त पडला तर वाया, कमी पडला तर वाळत नाही. थर दोन-तीन मिलिमीटरच्या आत. आणि ती पाणी शोषते, म्हणून उघडी पुट्टी कोरडीच घासायची. आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०, मग ३२०. त्यावर अस्तर. अस्तरावर काळ्या रंगाचा हलका फवारा मारायचा आणि ४००, ६०० च्या पाणीपेपरने घासायचं. जिथे काळं राहिलं तिथे अजून खोल आहे, पुन्हा पहिल्यापासून.

यात ताकद कुठे आहे, मला दाखवा. पत्र्याची हातोडी आपल्या वरवंट्यापुढे हलकीफुलकी असते. या कामाला धीर लागतो, सवय लागते आणि बोटांत डोळे लागतात. पाण्याचे हंडे वाहणारी, बांधकामावर घमेली उचलणारी बाई कुणाला नाजूक वाटत नाही. तिच्या हातात हातोडी आली की मात्र ती नाजूक होते!

गंज बाईने दाखवला, आळही बाईवरच आला

२०२२ च्या सुरुवातीला त्या गॅरेजात १९६६ सालची फियाट अकराशे डिलाइट आली. मालक हौशी, पैसेवाला, घाईत. मे महिन्यात त्याच्या घरी कार्य होतं आणि तेव्हा गाडी दारात हवी होती. मिस्त्रीने काम ठोक पैशांत घेतलं. आमची मैत्रीण साडेपाचशे रुपये रोजीवर.

घासता घासता तिच्या हाताला कळलं की चारही दारांच्या खालची कड आणि मागच्या चाकांवरच्या कमानी आतून गेलेल्या आहेत. तिने वाजवून दाखवलं, लोहचुंबक लावून दाखवलं. म्हणाली, "मिस्त्री, हे कापून ठिगळ लावायला पाहिजे. नुसतं भरलंत तर एक पावसाळा टिकायचं नाही." मिस्त्री म्हणाला, "मावशी, तुम्ही घासा." मालकाला दिवस पुरत नव्हते, गॅरेजवाल्याला पैसे हवे होते. गंजावर जाड पुट्टी चढली, तिच्यावर अस्तर, त्यावर दुधी रंग. गाडी आरशासारखी निघाली. कार्यात फोटो झाले.

गणपती आले तेव्हा दारांच्या कडांना फोड आले होते. गाडी परत आली. मालक ओरडला. गॅरेजवाला मिस्त्रीवर ओरडला. मिस्त्रीने बोट दाखवलं, "मावशीने पुट्टी पाणी मारून घासली, आत पाणी राहिलं." आरोप ऐकायला खरा वाटतो, कारण तसं घासलं तर फोड येतात हे खरंच आहे. पण ही तीच बाई, जी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आली की उघडी पुट्टी कोरडी घासा. तिने तिथल्या तिथे एक पेचकस घेतला आणि फोडाच्या जागी दाबला. तो पत्र्यातून आरपार गेला आणि हातावर रव्यासारखा गंज सांडला. फोड नेमके तिने दाखवलेल्या जागीच होते. दुसरीकडे एकही नव्हता.

उत्तर काय मिळालं? "उद्यापासून येऊ नका." अकरा दिवसांची रोजी अडकवून ठेवली ती आजवर मिळालेली नाही.

तो मिस्त्री काही राक्षस नाही. त्यालाही भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाचा विमा नाही, तोंडाला धड मुखवटा नाही. तोही उद्या आजारी पडला तर रस्त्यावर येईल. पण आळ घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच्याखाली एक पायरी होती, आणि त्या पायरीवर बाई उभी होती. कामगार चळवळीने आजवर ही पायरी पाहिलीच नाही, ही माझी त्या भावांकडे तक्रार आहे.

धोका आणि काळजी

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "अहो, ते काम तब्येतीला वाईट. बायकांच्या काळजीपोटीच त्यांना दूर ठेवतात."

काम तब्येतीला वाईट आहे, यात शंका नाही. जुन्या रंगांत शिसं असतं. जुन्या गाड्यांच्या सांध्यांत कधीकधी शिशाचीच भरणी केलेली असते. घरगुती आणि शोभेच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, असा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि २०१७ पासून लागू झाला. पण तो घरगुती रंगांपुरता, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीवरचा रंग तर तो नियम यायच्या कितीतरी आधीचा. आजच्या चकचकीत टू-के रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांनी दमा जडतो. हे सगळं खरं आहे.

पण मग मला सांगा, सगळ्यात जास्त धूळ कोणत्या कामात? घासण्यात. आणि घासायला कोणाला बसवतात? बाईला! हातोडी धोक्याची म्हणून तिला दूर ठेवलं, आणि विषारी धूळ तिच्या पदरात टाकली. तोंडाला पदर बांधून ती वर्षानुवर्षं ती धूळ खात बसली. ही काळजी नव्हे. चांगल्या पैशाचं काम पुरुषांसाठी राखून ठेवण्याची ही युक्ती आहे.

अमेरिकेत जॉन्सन कंट्रोल्स ही गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणारी कंपनी होती. शिशाचं काम. १९८२ साली कंपनीने ठरवलं की ज्या बायकांना मूल होऊ शकतं त्यांना शिसं असलेल्या कामावर घ्यायचं नाही. नोकरी टिकवण्यासाठी एका बाईने नसबंदी करून घेतली. एका बाईची बदली कमी पगारावर झाली. आणि त्याच खटल्यात एक पुरुषही होता! त्याला बाप व्हायचं होतं, रक्तातलं शिसं उतरावं म्हणून त्याने रजा मागितली होती आणि कंपनीने ती नाकारली होती. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदा ठरवलं. त्या पुरुषाची गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. शिसं बाप पाहत नाही, आई पाहत नाही. काळजी खरी असती तर कंपनीने शिसं कमी केलं असतं. तिने बायका कमी केल्या.

आपली मागणी हीच असली पाहिजे. धूळ ओढणारं यंत्र द्या, योग्य मुखवटा द्या, रक्त तपासा, सगळ्यांना द्या. आणि मग कामाचं दार सगळ्यांना उघडा.

मोटारीच्याच कारखान्यातली एक लढाई

कसब कोण ठरवतं हा प्रश्न बायकांनी मोटारीच्या कारखान्यात याआधीही विचारला आहे. इंग्लंडमध्ये डॅगनम इथल्या फोर्डच्या कारखान्यात बायका गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. कामावर घेताना त्यांची शिवणाची परीक्षा घेतली जायची. परीक्षा घ्यायची ती कसब बघायला. पण कंपनीने कामांची वर्गवारी केली तेव्हा या बायकांना कमी कसबाच्या 'बी' वर्गात टाकलं, आणि त्या वर्गातल्या पुरुषाच्याही ८५ टक्केच मजुरी दिली. ७ जून १९६८ रोजी १८७ बायका संपावर गेल्या. कव्हरांवाचून गाड्या अडल्या. जगभर पसरलेली फोर्ड कंपनी शिवणाऱ्या बायकांनी थांबवली!

सुमारे तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कॅसल यांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. मजुरी पुरुषांच्या ९२ टक्क्यांवर आली. या संपाच्या रेट्यातून १९७० साली ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा झाला. पण मूळ मागणी काय होती? आमच्या कामाला कसबाचं काम म्हणा, ही. ती मात्र १९६८ साली मान्य झाली नाही. त्यासाठी बायकांना १९८४ साली पुन्हा संप करावा लागला, तेव्हा कुठे त्यांना 'कुशल' हा शिक्का मिळाला. सोळा वर्षं! पैसे थोडे वाढवून देणं मालकांना एकवेळ परवडतं. बाईला 'कुशल' म्हणणं जड जातं.

आपल्याकडेही कायदा आहेच. १९७६ साली समान वेतन कायदा झाला, आणि त्याला पोटात घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही समान किंवा सारख्या कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. मुंबईतल्याच मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा यांनी याच कायद्याखाली लढा दिला आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. कंपनीची आर्थिक ओढाताण हे बायकांना कमी पगार देण्याचं कारण होऊ शकत नाही, असं न्यायालयाने बजावलं. पण त्या निदान 'स्टेनोग्राफर' म्हणून नोंदलेल्या होत्या. आमच्या मैत्रिणीने न्यायालयात जाऊन काय सांगायचं? किमान वेतनाच्या यादीत कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने असतात. बाईला एकदा 'मदतनीस' लिहिलं की ती कुशलच्या रकान्यात जातच नाही, आणि मग मिस्त्रीशी तिची तुलनाही होत नाही. कायदा न मोडताच लूट होते.

आपल्या वहीत काय लिहिलं आहे?

आता घरातलं बोलू. २०१४ साली नवरा गेल्यावर ही बाई आधी आमच्याकडेच आली होती. आम्ही काय केलं? तिला धीर दिला, रेशनकार्डाचं काम करून दिलं आणि एका देणगीदाराकडून शिवणयंत्र मिळवून दिलं. तिला शिवण येत नव्हतं. सोळा वर्षं जे काम तिने केलं होतं त्याबद्दल आम्ही एकीनेही विचारलं नाही. यंत्र सहा महिने कोपऱ्यात पडलं, मग तिने विकलं. आम्ही आपसांत म्हणालो, "हिला कष्ट नकोत."

गॅरेजातून काढल्यावर ती पुन्हा आली. पैशांसाठी मालकाकडे आमची माणसं पाठवा, म्हणाली. मी तिची जुनी नोंद बघायला वही उघडली. तिने विचारलं, "ताई, माझ्या नावापुढे काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं, "विधवा. दोन मुलं. गरजू." ती म्हणाली, "म्हणजे मला काय येतं ते लिहिलंच नाही."

मैत्रिणींनो, त्या मुलाने निदान 'मदतनीस' लिहिलं होतं. आम्ही तर तिचं दुःख नोंदवलं आणि हात पुसून टाकले.

शिवणाला मी नावं ठेवत नाही. डॅगनमच्या बायका शिवणच करत होत्या आणि त्यांनी जगाला हिसका दाखवला. प्रश्न असा आहे की बाई म्हटलं की आपल्याला शिवण, पापड-लोणची, मेंदी आणि ब्यूटी पार्लर एवढंच का सुचतं? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये 'मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर' आणि 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' असे एकेका वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. आपल्या किती गटांनी एकतरी मुलगी तिथे पाठवली? मी आमच्या गटाचं उत्तर देते. एकही नाही.

काही मैत्रिणी विचारतील, श्रीमंतांच्या हौशीच्या गाड्या, त्यांची आपण कशाला चिंता करायची? प्रश्न रास्त आहे. पण नव्या गाडीचं दार चेपलं की ते काढून सरळ नवं बसवतात. तिथे हातोडीचं काम आटत चाललं आहे. जुन्या गाडीचं दार बाजारात मिळत नाही. ते हातानेच वाचवावं लागतं. म्हणजे या कारागिरीला चांगला पैसा जिथे उरला आहे, ती जागा हीच. आणि नेमकी तिथूनच बाई हाकलली जाते. टॅक्सीच्या कामात पैसा कमी होता तेव्हा तिचा हात चालत होता. कामाला भाव आला आणि तिला दार दाखवलं. आपण किती धंद्यांत हे होताना पाहिलं आहे, आठवून बघा.

म्हणून आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. इतर गटांनीही त्यांचा विचार करावा.

एक, वहीतला पहिला प्रश्न बदलायचा. 'अडचण काय?' च्या आधी 'काय काय काम येतं?' विचारायचं, आणि ती जो शब्द वापरेल तोच लिहायचा.

दोन, ई-श्रमवर ज्या बायकांचा व्यवसाय 'मदतनीस' किंवा 'घरकाम' असा ढकललेला आहे, त्यांच्या नोंदी एकेक करून दुरुस्त करून घ्यायच्या.

तीन, काम करता करता शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची योजना सरकारची आहे. गॅरेज, फाउंड्री, वेल्डिंग, गवंडीकाम, जिथे जिथे बायका नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या नावाखाली राबतात, तिथल्या बायकांना त्या परीक्षेला बसवायचं.

चार, गॅरेजांच्या गल्लीत धुळीविरुद्ध आणि शिशाविरुद्ध मागणी करायची ती स्त्री-पुरुष सगळ्या कामगारांसाठी, त्या मिस्त्रीलाही बरोबर घेऊन.

आमची मैत्रीण सध्या दुसऱ्या एका गल्लीत रिक्षांच्या पत्र्याचं काम स्वतःच्या हिमतीवर घेते. तिच्या हाताखाली दोन मुली शिकताहेत. त्यातली एक तिचीच. अकरा दिवसांच्या मजुरीचा तगादा आम्ही सोडलेला नाही. ती मात्र त्याविषयी फारसं बोलत नाही. परवा मी तिथे गेले होते, तर एका मुलीने गंजावर नुसतीच पुट्टी थापली होती. हिने ती सगळी खरवडून काढायला लावली. मुलगी कुरकुरली, "काकू, वरून कुठे दिसतंय?"

ती म्हणाली, "वरून नाही दिसत. पाऊस येऊ दे, मग सगळ्यांना दिसेल. काढ."

आणि आमच्या वहीत तिच्या नावापुढचे ते शब्द मी खोडले आहेत. तिथे आता लिहिलं आहे: डेंटर मिस्त्री.